स्क्रीनवरच्या गोधडीला शिवण नसते

कॉम्प्युटरवर काढलेली गोधडी नेहमी सुंदरच दिसते. टोकाला टोक भिडलेलं, चौकोन काटकोनात, कडा सरळ, कुठे चुणी नाही की फुगवटा नाही. दिसणारच, कारण स्क्रीनवरच्या कापडाला जाडी नसते, ते ताणलं जात नाही आणि त्याला शिवण तर मुळीच नसते. बारा इंचांचा ब्लॉक, म्हणजे गोधडीत पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा चौकोन, काढला की तो बारा इंचांचाच राहतो. तोच ब्लॉक शिवायला बसलं की सतरा तुकडे होतात, प्रत्येकाला सगळ्या बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत जाणारं जादा कापड) लागते, आणि ती माया कुठे दुमडायची हाही प्रश्न येतो. म्हणून डिझाइन करतानाच शिवणीचा विचार करायचा. पुढे जे लिहिलंय ते बहुतेक याच एका गोष्टीबद्दल आहे.

आधी साधनांबद्दल थोडक्यात, कारण लोक यात उगाच अडकून पडतात. या कामासाठी खास बनवलेल्या प्रोग्रामांत जुनं आणि परिचित नाव म्हणजे इलेक्ट्रिक क्विल्ट. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९९१ मध्ये ही कंपनी सुरू झाली, आणि तिची आठवी आवृत्ती, ईक्यू८, २०१७ मध्ये आली. ब्लॉक काढा, मांडणीत टाका, कापड भरा, की कापण्याचा तक्ता, टेम्पलेट आणि कागदावर शिवायचे (कापड कागदाला लावून छापील रेषेवर टीप मारायचे) नमुने छापून मिळतात. पैसे खर्च करायचे नसतील तर इंकस्केप हा चित्रं काढायचा फुकट प्रोग्राम उत्तम. नुसत्या चौकोनांची गोधडी असेल तर साधी स्प्रेडशीटही पुरते. रकाने चौकोनी करायचे, प्रत्येक घरात रंगाऐवजी अक्षर भरायचं, अक्षरानुसार घर आपोआप रंगेल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावायचं. मग काउंटइफ सूत्र लावलं की ‘क’ रंगाचे किती चौकोन कापायचे ते एका क्षणात कळतं. दोन-अडीच हजार चौकोन बोटांनी मोजून पाहा, म्हणजे या सूत्राची किंमत कळेल.

इंकस्केप वापरणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. पहिली: कागदाचं एकक इंच ठेवा आणि अर्ध्या इंचाची ग्रिड लावून स्नॅपिंग (आकार आपोआप ग्रिडला चिकटणं) चालू करा. दुसरी: आकारांची बाह्यरेषा काढून टाका. मूळ सेटिंगमध्ये रुंदी मोजताना रेषेची जाडीही धरली जाते, त्यामुळे तीन इंचांचा चौकोन ३.०४ दाखवतो आणि मग तीस ब्लॉक ओळीत मांडताना फटी आणि ओव्हरलॅप सुरू होतात. रेषा हवीच असेल तर प्रेफरन्सेसमध्ये जाऊन बाउंडिंग बॉक्स (आकार मोजायची चौकट) ‘जिऑमेट्रिक’ करा. तिसरी: ब्लॉकच्या प्रती कॉपी-पेस्ट न करता ऑल्ट+डी दाबून क्लोन म्हणून काढा. मूळ ब्लॉक बदलला की सगळे बदलतात. एखाद्या क्लोनला वेगळा रंग द्यायचा असेल तर मूळ आकाराचा फिल (आतला रंग) आधी ‘अनसेट’ करावा लागतो (प्रश्नचिन्हाचं बटण). नाहीतर क्लोन रंग घेतच नाही आणि माणूस अर्धा तास प्रोग्रामवर वैतागतो.

आधी घरं, मग नक्षी

ब्लॉक निवडताना पहिला प्रश्न नक्षीचा नसून घरांचा असतो. ब्लॉक किती बाय किती घरांत बसतो? नाइन पॅच आणि ओहायो स्टार हे ब्लॉक ३ बाय ३ घरांत बसतात, सॉटूथ स्टार ४ बाय ४, बेअर्स पॉ ७ बाय ७. त्या संख्येने ब्लॉकच्या मापाला सरळ भाग गेला पाहिजे. ५ बाय ५ घरांचा ब्लॉक १२ इंचांचा केला तर एक घर २.४ इंचांचं होतं. स्क्रीनला त्याचं काहीच वाटत नाही. पण २.४ अधिक अर्धा म्हणजे २.९ इंच, आणि पट्टीवर २.९ कुठे शोधणार? प्रोग्राम गुपचूप ते २ ७/८ करून छापतो. प्रत्येक तुकड्यामागे चाळिसाव्या भागाइतका इंच जातो, पाच घरांत अष्टमांश इंच. असा ब्लॉक १० किंवा १५ इंचांचा करा. सात घरांचा ७, साडेदहा किंवा १४. तीन आणि चार घरांचे ब्लॉक एकाच गोधडीत हवे असतील तर १२ इंच दोघांनाही चालतात. मात्र एकाच्या शिवणी ४ इंचांवर आणि दुसऱ्याच्या ३ इंचांवर येतात, त्या एकमेकींना भिडणार नाहीत. मध्ये पट्टी घातली की ते खटकत नाही.

ईक्यू८ मध्येही हेच. ब्लॉक काढायला घेतानाच स्नॅपचे बिंदू घरांच्या पटीत ठेवायचे, म्हणजे १२ इंचांच्या चार घरी ब्लॉकला २४ किंवा ४८. रेषा दुसऱ्या रेषेला नेमकी टेकली नाही की तो तुकडा वेगळा धरला जात नाही. रंग भरताना शेजारचाही तुकडा रंगला, तर रेषेचं टोक हवेत राहिलंय असं समजा.

एक तारा, जवळून

सॉटूथ स्टार घेऊ, १२ इंचांचा. मध्ये ६ इंचांचा चौकोन, चार कोपऱ्यांत ३ इंचांचे चौकोन आणि चार बाजूंना ३ बाय ६ चे फ्लाइंग गीज, म्हणजे मोठ्या त्रिकोणाच्या दोन बाजूंना दोन छोटे त्रिकोण. ही सगळी शिवून झाल्यावरची मापं. कापायची मापं वेगळी: मधला चौकोन साडेसहा, कोपरे साडेतीन. इथपर्यंत सोपं, दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया मिळवली की झालं. त्रिकोणांना मात्र अर्धा इंच मिळवून चालत नाही, आणि प्रोग्राम उत्तर देतो तरी ते का, हे माहीत असलेलं बरं.

चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण केले की प्रत्येकाच्या काटकोनाकडे पाव इंच माया पुरते. तिरप्या टोकाकडे मात्र माया लांबत जाते, तिथे सुमारे ०.६ इंच लागतात. पाव आणि ०.६ मिळून ०.८५. त्याच्या वरचा, पट्टीवर सापडणारा आकडा ७/८, सुताराच्या भाषेत सात सूत. चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण केले तर मोठ्या बाजूची दोन्ही टोकं तिरपी, म्हणून ०.६ दोनदा, १.२१, आणि पट्टीवर सव्वा इंच. एवढं लक्षात ठेवलं की जवळजवळ कुठलाही ब्लॉक हाताने सोडवता येतो.

चार गीज एकदम करायला पार्श्वभूमीचा एक चौकोन ७ १/४ इंच (६ अधिक सव्वा) आणि ताऱ्याच्या कापडाचे चार चौकोन ३ ७/८ इंच (३ अधिक ७/८). मोठ्या चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन छोटे चौकोन सुलटीवर सुलटी ठेवायचे. मध्यावर ते एकमेकांवर जरासे चढतात, चढू द्या. कर्णावर पेन्सिलने रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप, मग रेघेवर कापायचं. इस्त्री केल्यावर हृदयासारखे दोन तुकडे हातात येतात. प्रत्येकाच्या उरलेल्या कोपऱ्यात तिसरा आणि चौथा छोटा चौकोन, पुन्हा रेघ, दोन टिपा, काप. एका मोठ्या चौकोनातून चार गीज, म्हणजे नेमकी एका ताऱ्याची गरज, आणि वाया जवळपास काही नाही.

इथे हमखास चुकतं ते टोक. शिवलेला गूज (गीजपैकी एक) साडेतीन बाय साडेसहा असायला हवा आणि त्रिकोणाचं टोक वरच्या कापलेल्या कडेपासून बरोबर पाव इंच आत. टोक कडेलाच टेकलं असेल तर पुढच्या शिवणीत ते कापलं जाणार. नवशिक्यांनी मोठा चौकोन साडेसात आणि छोटे ४ इंचांचे घ्यावेत, मग पट्टी लावून साडेतीन बाय साडेसहाला तासावं. थोडं कापड जातं, टोकं वाचतात. मला तरी हा सौदा स्वस्त वाटतो.

पाव इंच म्हणजे नक्की किती

पाव इंचाची टीप मारली तरी तुकडा कमी भरतो, कारण दोऱ्याची जाडी आणि कापड दुमडतं त्या घडीची जाडी दोन्ही माप खातात. म्हणून टीप पाव इंचाला एक-दोन धागे कमी मारायची. मशीन नीट लागलंय का ते पाहण्यासाठी दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली मोजा. ती बरोबर १ इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच भरली पाहिजे. मधली ७/८ भरली तर सुई उजवीकडे सरकवा किंवा कापडाला टेकू देणारी पट्टी सुईच्या जवळ आणा.

एवढ्याशा फरकाने काय होतं? प्रत्येक टीप एक षोडशांश इंच आत गेली तर एका शिवणीत दोन्ही तुकड्यांचा मिळून अष्टमांश इंच जातो. पाच तारे शेजारी लावले की एका ओळीत पंधरा तुकडे आणि चौदा शिवणी येतात. चौदा अष्टमांश म्हणजे पावणेदोन इंच. सगळ्या ओळी सारख्याच चुकल्या तर गोधडी नुसती लहान होते, बिघडत नाही. खरी पंचाईत होते ती ताऱ्यांच्या मध्ये साधे चौकोन घातल्यावर. तारा सव्वाबारा भरतो, साधा चौकोन साडेबारा कापलेला असतो, आणि प्रत्येक जोडाला पाव इंच कापड दाबून बसवावं लागतं. ते मध्यभागी फुगे धरतं. स्क्रीनवर या दोन मांडण्यांत काही फरक दिसत नाही.

काढता आलं म्हणजे शिवता येतं असं नाही

ब्लॉक काढून झाला की त्याच्यावर एक परीक्षा घ्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाणारी एक तरी रेषा आहे का? त्या रेषेने झालेल्या भागांत पुन्हा तशी रेषा आहे का? शेवटच्या तुकड्यापर्यंत उत्तर ‘हो’ येत असेल तर ब्लॉक सरळ टिपांनी शिवता येतो. अडलं तर तिथे वाय आकाराची (तीन शिवणी एका बिंदूत भेटणारी) किंवा अर्धवट सोडून मागून पूर्ण करायची शिवण लागणार. आठ हिरकण्यांच्या ताऱ्यात कोपऱ्यातले चौकोन असेच अडकतात. उपाय म्हणजे तो चौकोन कर्णावर तोडून दोन त्रिकोण करायचे. शिवण एक वाढते, काम सरळ होतं. साध्या एकरंगी कापडावर ती जादा शिवण डोळ्यांत येते, फुलाफुलांच्या छापात दिसतही नाही. षटकोनांचंही तसंच: अर्धे कापून ओळींत शिवले की मशीनवर सरळ टीप चालते, रंगांची मांडणी तेवढी ओळींच्या हिशोबाने करावी लागते.

दुसरी परीक्षा जाडीची. एका बिंदूत आठ टोकं येत असतील तर तिथे कापडाचे थर साठून गाठ होते आणि वरून टाके घालताना सुई अडते. अशा ठिकाणी शिवणी उघडून दोन्हीकडे इस्त्री करा किंवा भोवऱ्यासारख्या एकाच दिशेने फिरवा. यासाठी ड्रॉइंगवर आणखी एक लेयर ठेवून त्यात फक्त इस्त्रीचे बाण काढायचे. शेजारच्या तुकड्यांचे बाण उलट दिशांना आले की शिवणी एकमेकींत कुलपासारख्या बसतात आणि टाचणी न लावताही कोपरे जुळतात. पाच मिनिटांच्या या कामाने पुढचं उसवणं वाचतं, तरी लोक ते का टाळतात कोण जाणे.

तिसरी परीक्षा आकाराची. झूम करता येतं म्हणून हात बारीक तुकड्यांकडे वळतो. शिवून १ इंच राहणारा चौकोन दीड इंच कापावा लागतो, म्हणजे त्यातलं ५६ टक्के कापड मायेत जातं. २ इंचांच्या चौकोनात ३६ टक्के आणि ६ इंचांच्या चौकोनात १५ टक्के. बारीक तुकड्यांची गोधडी जड आणि कडक होते ती यामुळेच.

रंग

स्क्रीन उजेड फेकते, कापड उजेड परतवतं. त्यामुळे स्क्रीनवर झळकणारा रंग कापडात मंद वाटला तर त्यात आश्चर्य नाही. रंगाच्या नेमक्या छटेमागे न धावता गडद-फिकेपणा तपासा. पूर्ण मांडणी ग्रेस्केल करून पाहिली की लाल आणि हिरवा वेगळे दिसतात की एकाच राखाडीत विरतात ते कळतं. नक्षी उभी राहते ती या फरकावर. लॉग केबिनचं (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या शिवत नेलेल्या ब्लॉकचं) तर सगळं गणितच यावर आहे: अर्धा ब्लॉक फिका, अर्धा गडद, आणि ब्लॉक फिरवत गेलं की कधी पायऱ्या, कधी समकेंद्री हिरकण्या, कधी तिरपे नांगराचे तास. ब्लॉक फिरवून पाहणं हे काम कॉम्प्युटरने करावं. जमिनीवर तीस ब्लॉक पसरून गुडघ्यांवर फिरण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

कापडाचा फोटो मांडणीत टाकायचा असेल तर फोटोत पट्टी ठेवा. स्कॅन केलं तर हिशोब सरळ: १०० डीपीआयने (इंचामागे १०० ठिपके) ६ इंच कापड म्हणजे ६०० पिक्सेल. हे माप न सांभाळता फोटो टाकला की चार इंचांचं फूल ब्लॉकमध्ये अर्ध्या इंचाचं दिसतं. मग डिझाइन नाजूक बुट्ट्यांचं वाटतं, आणि प्रत्यक्षात ३ इंचांच्या तुकड्यात फुलाचं अर्धं पान आणि हिरव्याचा एक ठिपका येतो.

कापड किती घ्यायचं

वरचाच तारा, ५ बाय ६ असे तीस ब्लॉक, ६० बाय ७२ इंचांची गोधडी. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, काठ सोडून ४० इंच धरू. पार्श्वभूमीला ७ १/४ चे तीस चौकोन: पन्ह्यात पाच बसतात, सहा पट्ट्या, साडेत्रेचाळीस इंच. साडेतीनचे एकशे वीस: पन्ह्यात अकरा, अकरा पट्ट्या, साडेअडतीस इंच. एकूण ८२ इंच, म्हणजे २ मीटर ८ सेंटीमीटर. ताऱ्याला साडेसहाचे तीस (पन्ह्यात सहा, पाच पट्ट्या, साडेबत्तीस इंच) आणि ३ ७/८ चे एकशे वीस (पन्ह्यात दहा, बारा पट्ट्या, साडेसेहेचाळीस इंच). एकूण ७९ इंच, २ मीटर १ सेंटीमीटर. दोन्हींत धुतल्यावर आटण्यासाठी आणि कड सरळ करण्यासाठी २० ते २५ सेंटीमीटर वाढवा.

हाच हिशोब नुसत्या क्षेत्रफळाने केला तर पार्श्वभूमी ७६ इंचांत बसते असं उत्तर येतं. सहा इंच कमी, म्हणजे जवळपास एक पट्टी. पन्ह्याच्या टोकाला उरणारे तुकडे क्षेत्रफळात धरले जातात, कात्रीला मात्र ते उपयोगाचे नसतात. म्हणून आपला प्रोग्राम अंदाज कसा काढतो ते एकदा एका रंगावर तपासून घ्या. गीजचे छोटे चौकोन ४ इंचांचे घ्यायचं ठरवलं तर पन्ह्यात दहा बसतात खरे, पण एक सूतही शिल्लक राहत नाही. पन्हा साडेएकोणचाळीस निघाला की नऊच बसतात आणि बाराऐवजी चौदा पट्ट्या लागतात.

गोटासाठी (कडेला शिवायच्या पट्टीसाठी) घेर २६४ इंच, वर १० ते १२ इंच जादा. अडीच इंची पट्ट्या तिरप्या जोडल्या की प्रत्येक जोडात अडीच इंच जातात, एका पट्टीतून साडेसदतीस उरतात. आठ पट्ट्या, २० इंच कापड. अस्तर आणि भरण चारी बाजूंनी ४ इंच मोठं, म्हणजे ६८ बाय ८०. सुती भरण धुतल्यावर साधारण ३ ते ५ टक्के आटतं आणि गोधडीला सुरकुत्या येतात. काहींना त्या आवडतात, मलाही. नको असतील तर भरण आधी पाण्यातून काढा, पण पाकिटावर तशी परवानगी आहे का ते वाचून.

ब्लॉक तिरके, कोपऱ्यावर उभे मांडायचे असतील तर कडेला त्रिकोण लागतात आणि तिथे सगळ्यात महागडी चूक होते. १२ इंचांच्या ब्लॉकचा कर्ण १६.९७. बाजूच्या त्रिकोणांसाठी १८ १/४ इंचांचा चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार. कोपऱ्यांसाठी ९ ३/८ चा चौकोन एकाच कर्णावर कापून दोन. हे उलटं केलं तरी आकार तसाच दिसतो, पण कापडाची उरेब (धाग्यांना तिरपी) बाजू गोधडीच्या बाहेरच्या कडेला येते, ती ताणली जाते आणि कड झालरीसारखी लहरते.

कागदावर शिवायचे नमुने छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून १०० टक्के ठेवा. पडताळणीला एक इंचाचा चौकोन पुरत नाही. ३ टक्क्यांची घट एका इंचात डोळ्यांना दिसत नाही, सहा इंचांच्या रेघेवर मात्र जवळजवळ तीन षोडशांश इंच भरते. नमुना आरशातल्यासारखा उलटा हवा, कारण कापड कागदाच्या मागच्या बाजूला लागतं. पक्षी डावीकडे पाहायला हवा आणि उजवीकडे पाहू लागला तर इथेच चुकलंय. टाका दीड मिलीमीटर, सुई ९०/१४, इस्त्री कोरडी. लेझर प्रिंटरची शाई गरम इस्त्रीला चिकटते, तेव्हा छापील बाजूवर इस्त्री फिरवू नका.

आणि मग माणसं

या छंदाची निम्मी मजा इतरांबरोबर शिवण्यात आहे: ब्लॉकची अदलाबदल, सगळ्यांनी एकाच वेळी एकच डिझाइन शिवणं, दर आठवड्याला एक तुकडा उघड होणारी मिस्ट्री गोधडी, मधला ब्लॉक एकीचा आणि भोवतीची एकेक किनार दुसरीची असा राउंड रॉबिन. दुसऱ्यांसाठी डिझाइन लिहायला घेतलं की आपल्याला स्वच्छ वाटणाऱ्या सूचनेत किती भोकं होती ते कळतं. म्हणून टेस्टर, म्हणजे नमुना आधी शिवून पाहणारे, हवेतच: एक अनुभवी आणि एक अगदी नवी व्यक्ती. अनुभवी माणूस चूक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो, नवी व्यक्ती तिथेच थांबते आणि विचारते. बहुतेक वेळा सापडतं ते असं: एका ब्लॉकचा आकडा तीसने गुणायचा राहिलाय, शिवल्यावरचं माप कापायचं म्हणून लिहिलंय, किंवा ‘पाव यार्ड’ म्हटलंय पण कसला पाव ते सांगितलेलं नाही. १८ बाय २२ च्या फॅट क्वार्टरमधून (पाव यार्डाच्या रुंद तुकड्यातून) १० इंचांचे दोन चौकोन निघतात, पन्ह्यातून कापलेल्या ९ इंची पट्टीतून एकही नाही.

फाइल पाठवताना समोरच्याकडे तोच प्रोग्राम असेल असं धरू नका. ईक्यू८ ची पीजे८ फाइल ज्याच्याकडे तो प्रोग्राम नाही त्याला उघडता येत नाही. पीडीएफ द्या, सोबत छापलेलं माप पडताळायची रेघ. ओहायो स्टारसारखे जुने ब्लॉक सगळ्यांचे आहेत. आजच्या डिझायनरचा विकतचा नमुना मात्र गटात वाटायचा नाही, ज्याने त्याने आपला घ्यावा. फोटो टाकताना डिझायनरचं नाव लिहायला एक ओळ पुरते.

अनोळखी हजारो माणसांनी मिळून शिवायचं तर नियम किती कमी लागतात, याचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं एड्स मेमोरियल क्विल्ट. एड्सने गेलेल्या प्रत्येकासाठी ३ बाय ६ फुटांचं एक पॅनल. आत काय शिवायचं, कशावर शिवायचं ते करणाऱ्याच्या मनावर. अशी आठ पॅनलं जोडली की १२ बाय १२ फुटांचा ब्लॉक होतो. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ते पहिल्यांदा मांडलं तेव्हा त्यात १,९२० पॅनलं होती. बाहेरचं माप पक्कं होतं, म्हणून आत इतकी मोकळीक देता आली.

अदलाबदलीतही तेच धोरण चालतं. माप ‘बारा’ असं न लिहिता ‘न शिवलेल्या कडेसह साडेबारा’ असं लिहा. कडा तासून पाठवू नका म्हणावं, कमी पडलं तर वाढवता येत नाही. कापड आधी धुवायचं की नाही ते सगळ्यांनी एकच ठरवावं, नाहीतर पहिल्या धुण्यात अर्धे ब्लॉक आटतात आणि अर्धे आटत नाहीत. रंगाचं नाव पुरत नाही, ‘निळा’ म्हटल्यावर आकाशीपासून काळपट निळ्यापर्यंत सगळं येतं. फिका, मध्यम, गडद अशा तीन राखाडी पट्ट्यांचं चित्र पाठवा आणि आपलं कापड ग्रेस्केलमध्ये त्यांतल्या कुठल्या पट्टीशी जुळतं ते पाहायला सांगा.

एवढं करूनही तीस ब्लॉक येतात ते सव्वाबारापासून बारा आणि पाच अष्टमांशापर्यंत. कुणाला परत पाठवायचं नसतं, आणि ताणून बसवायचंही नसतं. अशा वेळी प्रत्येक ब्लॉकच्या चारी बाजूंना दीड इंची पट्टी शिवा. सगळ्यात लहान ब्लॉकही सव्वाचौदा भरतो. मग सगळे साडेतेराला तासा. चौकटीची रुंदी ब्लॉकागणिक थोडी कमी-जास्त होते, पण पट्टी पार्श्वभूमीच्या कापडाची असेल तर ते कुणाच्या लक्षात येत नाही. स्क्रीनवर ब्लॉकचं माप १२ चं १३ करायला दोन क्लिक लागतात आणि गोधडी ६५ बाय ७८ ची होते. अस्तर मात्र ६८ बाय ८० चं कापून ठेवलेलं असेल, तर आता ७३ बाय ८६ हवं. ते मधून उभं आणि आडवं कापून त्यात पट्ट्या घाला: उभी ६ इंच, आडवी ७ इंच, कारण मध्ये घातलेल्या पट्टीच्या दोन शिवणींत एक इंच जातो. पट्ट्या अदलाबदलीतून उरलेल्या तुकड्यांच्या केल्या तर नवं कापडही आणावं लागत नाही.